‘जंगल म्हणजे पडून राहिलेला पैसा’: हा मेसेज पुढे ढकलणं थांबवा

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. राखीव जंगलं, खारफुटी, माळरानं म्हणजे पडून राहिलेला पैसा, तिथून दमडीही येत नाही, वगैरे. मी लक्ष देणार नव्हते. पण माझ्या भाच्याने तो वादविवाद स्पर्धेसाठी वहीत मुद्दे म्हणून उतरवून घेतला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

‘दमडीही येत नाही’? न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या पाणलोटातून येतं. ते गाळायचा प्रकल्प उभारायला किमान 600 कोटी डॉलर लागतील, असा अंदाज होता. शहराने 1997 मध्ये करार केला आणि त्याऐवजी पाणलोटातली जंगलं, जमिनी राखायला पैसे घातले. खर्च कितीतरी कमी आला. हा वाचलेला पैसा हिशेबात धरायचाच नाही का?

सगळ्यात संतापजनक मुद्दा हा: ‘खारफुटी काढून बांध घाला, किनारा जास्त सुरक्षित राहील.’ असं कुणी खरंच केलं तर माणसं मरतील! 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आलं. रुची बडोला आणि एस. ए. हुसैन या संशोधकांनी तिथल्या भितरकनिका भागातल्या तीन गावांतलं नुकसान मोजून 2005 मध्ये प्रसिद्ध केलं. खारफुटीच्या आडोशाला असलेल्या गावात दर घरामागे सुमारे 33 डॉलर. खारफुटीही नाही आणि बांधही नाही, तिथे 44. आणि नुसता बांध असलेल्या गावात? 154. म्हणजे उघड्यावरच्या गावाच्याही साडेतीन पट. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि उरलेला बांधच त्याला बाहेर जाऊ देत नाही. ते शेतात साचून राहतं, भात जातो, जमीन खारवते. खारफुटी लाटेचा जोर मोडते, पण पाण्याची परतीची वाट अडवत नाही. अभ्यास तीनच गावांचा आहे, मान्य. मेसेजमध्ये तर एकाही गावाचा आकडा नाही.

‘झाडं कुठेही लावता येतात’ यावर वेळ घालवत नाही. माळरानावर झाडं लावली की गुरांचा चारा जातो आणि माळढोक, तणमोर हे पक्षीही जातात.

एक मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करते. जंगलाशेजारच्या शेतकऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही, हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पाणी दूरच्या शहराला आणि रानडुकरांनी आडवं केलेलं पीक त्याच्या वाट्याला. पण म्हणून जंगल का तोडायचं? न्यूयॉर्कने पाणलोटातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर पैसा खर्च केला. जिथे जिथे जंगलाचं पाणी प्यायलं जातं, तिथल्या पाणीपट्टीतून शेजारच्या शेतकऱ्याचा वाटा आधी निघाला पाहिजे, आणि तोही पीक गेलं त्याच हंगामात.