पाच टक्के सवलत सांगाड्याला नको, युनिटला द्या

गेल्या वर्षी मार्चमध्ये सोसायटीची खजिनदार झाले आणि पहिल्याच आठवड्यात वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले. तिथे आमचा सोलर हीटर आहे, काचेच्या नळ्यांचा. एकेक ओळ मोजत गेले, तर साठातल्या सतरा नळ्या फुटलेल्या. टाकीच्या तोंडात बोट घातलं तर खडूसारखा पांढरा थर हाताला आला. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, बोअर आणि टँकरचं पाणी, क्षार बसणारच. गरम पाण्याची मुख्य चावी तीन वर्षांपूर्वीच कोणीतरी बंद करून टाकली होती. ज्याने हीटर बसवून दिला त्याचा फोन लागत नाही. चोवीसच्या चोवीस घरं गीझरवर आणि मिळकतकराच्या बिलात सौरऊर्जेची सवलत मात्र दरवर्षी न चुकता वजा होत होती.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. सभेत मी ते जसंच्या तसं सांगितलं, कारण ते पैसे शहराचे आहेत.

पुणे महापालिकेची ही योजना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांतला एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के सवलत, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. कल्पना उत्तमच होती आणि आजही आहे. आमच्यासारख्या शेकडो गच्च्यांवर हीटर चढले ते थोडेफार तिच्यामुळेच. पण ही सवलत मिळते ती वस्तू गच्चीवर असल्याबद्दल, ती चालते की नाही यावर नाही. तपासणी होते, बंद प्रकल्पांची सवलत काढल्याच्या बातम्याही येतात. तरी एवढ्या मोठ्या शहरात किती गच्च्या चढणार माणूस?

आता पैशांचा हिशेब बघा. आमच्याकडे टू बीएचकेचा कर वर्षाला साधारण नऊ हजार. त्याचे 5 टक्के म्हणजे 450 रुपये. साडेचारशे रुपयांसाठी कोणी विजेचे सोलर पॅनल बसवायला हजारो रुपये वर्गणी काढत नाही. लोक वर्गणी काढतात ते सामाईक मीटरचं बिल बघून.

हे बिल एकदा तरी नीट वाचा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे, सगळं एका मीटरवर. महावितरणचे घरगुती टप्पे शंभर, तीनशे, पाचशे आणि त्यापुढे असे चढत जातात, आणि सामाईक मीटरवर सगळा वापर एकत्र मोजला जातो. त्यामुळे घरी आपण दीडशे युनिटवर असलो तरी सोसायटी मात्र दर महिन्याला सगळ्यात महागड्या टप्प्यात. आमचे जवळपास 1,500 युनिट व्हायचे, बिल बावीस-तेवीस हजार. म्हणजे गच्चीवर तयार झालेलं प्रत्येक युनिट आधी या सगळ्यात महाग युनिटची जागा घेतं. सोसायट्यांसाठी सोलर इतकं फायद्याचं का, ते इथे आहे.

आम्ही 12 किलोवॅटचे पॅनल बसवले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. खर्च 6,80,000 रुपये, म्हणजे घरटी 28,000 च्या वर. 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्तीला 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॅटला 18,000 आहे. आमचे 2,16,000 झाले. पण हे पैसे सगळं बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतात. आधी सगळी रक्कम आपल्याच खिशातून.

इथेच गाडी अडते. सभेत कोणीही सोलरच्या विरोधात नव्हतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकांना भीती होती ती गळतीची: स्लॅबला भोकं पाडली की पावसाळ्यात माझ्या बेडरूममध्ये पाणी. त्यांचं काही चुकत नव्हतं, तीन वर्षं बादल्या लावून झोपलेत ते. आम्ही भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा केला, आणि तोही इतका उंच की खाली आजही वाळवणं घालता येतात. कुरडयांची जागा जाणार म्हणून ज्या काकू नाराज होत्या, त्या आता पॅनलच्या सावलीत बसून कुरडया घालतात. दोन घरांना मात्र खरोखर अठ्ठावीस हजार एकरकमी जमत नव्हते. एका घरात नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांचे हप्ते बांधले, बाकीच्यांनी उचल दिली. पालिकेची मदत हवी होती ती इथे, या पहिल्या वर्षात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. साडेचारशे रुपये जन्मभर देण्यापेक्षा पहिली पाच वर्षं घसघशीत द्या, आणि ते मीटरवर मोजून द्या. नेट मीटर लागला की ग्रिडमधून, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्यातून, किती युनिट घेतले आणि किती दिले ते महावितरणच्या बिलावर छापून येतं. किती वीज तयार झाली याचीही नोंद राहते. सोसायटीने दरवर्षी ती नोंद जोडावी आणि युनिटच्या प्रमाणात सवलत घ्यावी. पॅनल बंद पडले, धूळ खात राहिले, तर सवलत आपोआप खाली येईल, गच्चीवर कोणाला चढायची गरज पडणार नाही. हीटरसाठी असं मोजमाप सोपं नाही हे मान्य, पण निदान विजेपासून तरी सुरुवात करा. गच्चीभर पॅनल टाकणाऱ्याला आणि बंद हीटर ठेवणाऱ्याला सारखेच 5 टक्के, हे मला पटत नाही.

आणि दुकानांचं काय? केंद्राचं अनुदान फक्त घरांना आहे. व्यवसायाला आयकरात 40 टक्के घसारा मिळतो, म्हणजे झिजेपोटी किमतीचा काही भाग नफ्यातून वजा करता येतो, पण त्याचा उपयोग भरपूर नफा दाखवणाऱ्यांना. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, बेकरीवाला, छोटा वर्कशॉपवाला यांच्या हाती काय पडतं? खरं तर यांची वीज दिवसाच खर्च होते, ऊन असतं तेव्हाच. गिरणीवरचं सोलर युनिट तिथल्या तिथे दळणात जातं. शहराने सगळ्यात आधी यांना हात द्यायला हवा.

देखभालीबद्दल थोडं, कारण आमचा हीटर मेला तो तिच्याअभावी. पॅनलवर कबुतरांची घाण आणि सिंहगड रस्त्याची धूळ बसते. दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला, काच तापायच्या आत, आम्ही दोघं-तिघं पाइप आणि वायपर घेऊन वर जातो. मे महिन्यात एकदा महिनाभर धुणं राहिलं, तर रोजचे युनिट सरळ खाली आले. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी परत वर. पावसात निर्मिती घटते तेव्हा उन्हाळ्यात ग्रिडला दिलेले जास्तीचे युनिट कामी येतात. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिल-मेची शिल्लक जुलै-ऑगस्टमध्ये वापरता येते. गेल्या महिन्यात सामाईक मीटरचं बिल 1,840 रुपये आलं. मी ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलंय.

जुना हीटर भंगारात काढला आणि त्याची सवलत बंद करा असं पत्र आम्हीच दिलं.

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील. पालिकेला हीच मागणी करणारा ठराव आम्ही आमच्या सभेत मांडतोय. तुमच्या सोसायटीलाही मांडायचा असेल तर मला मेसेज करा, मसुदा पाठवते. सोबत आमच्या खर्चाचा कागदही देईन. त्यात गच्चीवर पाण्याचा नळ नेण्याचा खर्च धरलाय, तो बहुतेक जण विसरतात.