पाठिंब्याचं पत्रक पोचलं, आता माणसं पाठवा

गेले कित्येक दिवस मनात साचलंय ते आज लिहून टाकते. पोस्ट मोठी होणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा पण पूर्ण वाचा.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. पहाटे सव्वापाचला मी एका झेडपी शाळेच्या दारात उभी होते. पिशवीत फॉर्म १० (म्हणजे उमेदवारानं मला बूथवरचा त्याचा प्रतिनिधी, एजंट, नेमल्याचा कागद), मतदारयादी, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि चपाती-भाजी. आमचा उमेदवार चळवळीतला, नाव लिहीत नाही कारण मला जे बोलायचंय ते त्याच्यापुरतं नाही. त्याच्याकडे साखर कारखाना नव्हता, दूध संघ नव्हता, शिक्षण संस्था नव्हती. होती ती माणसं, आणि ती पण पुरली नाहीत.

ज्यांनी बूथ आतून कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. मतदान सातला सुरू होतं पण त्याच्या दीड तास आधी मॉक पोल असतो. केंद्राध्यक्ष सगळ्या उमेदवारांच्या एजंटांसमोर मशीनवर कमीत कमी ५० मतं टाकून दाखवतात, मोजतात, व्हीव्हीपॅटमधून पडलेल्या कागदी चिठ्ठ्या जुळतात का बघतात, मग मशीन क्लिअर करून सील लावतात, आणि एजंटच्या सह्या घेतात. संध्याकाळी मतदान संपलं की १७सी नावाचा फॉर्म भरतात, त्यात त्या मशीनमध्ये एकूण किती मतं पडली तो आकडा असतो, आणि त्याची कॉपी एजंटला मिळते. मोजणीच्या दिवशी टेबलावर हाच कागद मशीनशी ताडून बघायचा असतो. आता हा कागद घ्यायला तुमचा माणूसच बूथवर नसेल तर नंतर टीव्हीसमोर बसून मशीनच्या नावानं कितीही ओरडलात तरी हातात पुरावा काय?

आमच्या मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ. आमचे एजंट बसले जेमतेम १२० ठिकाणी. बाकीच्या बूथवर आमच्या बाजूनं बघणारं, हरकत घेणारं, कागद घेणारं कुणीच नाही. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देणारं एक पत्रक आलं होतं, खाली शंभराच्या आसपास सह्या. लेखक, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, नाटकवाले. ही सगळी माणसं मनापासून चांगली आहेत, काहींना मी ओळखते, त्यांच्याबद्दल आदरच आहे. ते पत्रक मी माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून पदरच्या पैशानं छापून वाटलंय. पण घरोघरी फिरताना मला एकाही बाईनं विचारलं नाही की कुणाकुणाच्या सह्या आहेत. विचारलं ते एवढंच, "ताई, निवडून आल्यावर हा आमच्याकडं परत येनार काय? आनि तुमी येनार काय?"

ह्या "तुमी येनार काय" वर माझी झोप उडालीये.

मी मूळची शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडे ऊसदराच्या आंदोलनातून राजू शेट्टी पुढे आले तो काळ मी जवळून बघितलाय. २००४ ला शिरोळमधून आमदार, २००९ ला हातकणंगल्यातून खासदार. तेव्हाची घोषणा होती "एक व्होट, एक नोट". म्हणजे मत पण द्यायचं आणि निवडणुकीला पैसे पण आपणच द्यायचे. माझ्या वडिलांनी दिले होते, रक्कम लिहिली तर आज हसाल इतकी छोटी, पण देताना त्यांचा चेहरा मला आठवतो. आयुष्यभर पुढाऱ्याकडून काहीतरी मागायची सवय लागलेला माणूस पहिल्यांदा पुढाऱ्याला काहीतरी देत होता. त्या नोटेनं जे झालं ते कुठल्या जाहिरातीनं होत नाही. नोट दिलेला माणूस नुसतं मत देऊन गप्प बसत नाही, तो चार घरं फिरतो, कारण आता ते त्याचं स्वतःचं काम असतं. मतदानाच्या दिवशी आमचे वडील दुपारी जेवायला पण घरी आले नव्हते.

आणि दुसरी गोष्ट जी जास्त महत्त्वाची. नोट दिलेला माणूस नंतर जाब पण विचारतो. शेट्टी २०१४ ला भाजपबरोबर युतीत गेले, २०१७ ला बाहेर पडले, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीकडून लढले आणि पडले. ह्या प्रत्येक वळणावर आमच्या गावात पारावर भांडणं झालीत, वडील त्यातल्या काही निर्णयांवर खूप चिडले होते आणि "आम्ही पैसं दिल्यात, आम्ही इचारनार" असं तोंडावर बोलायचे. तो हक्क त्यांना कुणी दिला नव्हता, त्यांनी तो कमावला होता. माझ्या मते पाठिंबा म्हणतात तो हा. सही करून विसरायची गोष्ट नाही ती, देणाऱ्याला पण बांधते आणि घेणाऱ्याला पण.

जुन्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गोरेगावच्या मृणाल गोरे १९७७ ला लोकसभेवर गेल्या तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात" ही घोषणा गाजली, ती सगळ्यांना पाठ आहे. पण "पाणीवाली बाई" हे नाव निवडणुकीत नाही पडलं, ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी नळाला पाणी यावं म्हणून काढलेल्या मोर्च्यांमुळे पडलं. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांना प्रचार शिकवावा लागला नसेल. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले ते एसटीनं फिरून. आणि अगदी आत्ताचं बघायचं तर डहाणू. २०२४ ला राज्यात महायुतीची एवढी मोठी लाट आली, भलेभले वाहून गेले, पण तिथं माकपचे विनोद निकोले पाच हजारांच्या आसपास मतांनी परत निवडून आले. एकेकाळी वडापावची गाडी लावणारा माणूस! हे कसं जमलं? तिथं १९४५ ला गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली लोकांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभा केला, त्या लाल बावट्याची माणसं आज पण पाड्यापाड्यावर आहेत, वनजमिनीच्या दाव्यांसाठी कागद गोळा करतात, मोर्च्याला चालत जातात. निवडणूक त्या कामाच्या मधे येते आणि जाते, काम थांबत नाही.

आपल्याकडे म्हणजे शहरी पुरोगामी मंडळींकडे नेमकं उलटं आहे. उमेदवारी अर्ज भरला की जाग येते. मग पंधरा-वीस दिवस धावाधाव, ग्रुप तयार होतात, पोस्टर बनतात, पदयात्रेत फोटो निघतात, आणि निकालाच्या संध्याकाळी ग्रुपवर शांतता. मी पण त्यातलीच होते इतकी वर्षं, म्हणून बोलते. आमच्या ह्याच निवडणुकीत बाहेरगावाहून तीस-चाळीस मुलं-मुली शनिवार-रविवार यायच्या, किती गोड पोरं, स्वतःच्या खर्चानं यायची, उन्हातान्हात फिरायची. पण त्यांना गल्ली माहीत नाही, कुठल्या घरात कोण, कुणाच्या दारात आधी जायचं आणि कुणाच्या नंतर हे माहीत नाही, आणि ते सांगायला आमचा स्थानिक माणूस प्रत्येकाबरोबर द्यायला तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत. मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचार संपतो आणि बाहेरच्या लोकांना मतदारसंघ सोडावा लागतो. एजंट म्हणून बसायचं तर मतदार त्याच मतदारसंघातला लागतो. सरकारी नोकर तर एजंट होऊच शकत नाही. म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हा ही सगळी पोरं आपापल्या घरी बसून मला मेसेज करतायत, "ताई काय परिस्थिती?"

त्यांची चूक नाही, चूक आमच्या नियोजनाची. ती पोरं वर्षभर आधी आली असती तर केवढं काम झालं असतं. यादी घेऊन बसायचं, मयत कोण, दुबार कोण, लग्न होऊन गेलेल्या मुली कुठल्या, अठरा पूर्ण झालेली पोरं कुठली, त्यांचे नाव नोंदणीचे फॉर्म ६ भरून घ्यायचे. बूथ एजंटचं ट्रेनिंग घ्यायचं, १७सी म्हणजे काय हे प्रत्येक गावात दोन माणसांना तरी शिकवायचं. एका बूथला एक एजंट आणि दोन बदली एजंट देता येतात, म्हणजे तीनशे बूथला नऊशे माणसं लागतात. नऊशे माणसं पंधरा दिवसांत उभी राहत नाहीत हो.

पैशाचं पण सांगते. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. आमच्याकडे वर्गणीतून जमले साडेतीन लाखाच्या आत-बाहेर. निवडणुकीचं बँक खातं वेगळं उघडावं लागतं, त्याचाच क्यूआर कोड आम्ही पत्रकावर छापला होता, आणि एक जाड वही ठेवली होती. त्या वहीत दहा रुपयांपासून नोंदी आहेत. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशीनं पदराची गाठ सोडून वीस रुपये दिले आणि म्हणाल्या, "लिव माजं नाव, नीट लिव." मी लिहिलं. दोन रात्रींनी त्याच वस्तीत लक्ष्मीदर्शन झालं, पाकिटं घरोघरी पोचली, कुणाची ते मी लिहीत नाही. सकाळी त्या मावशी बूथवर दिसल्या. त्यांनी मत कुणाला दिलं मला माहीत नाही आणि मी विचारणार पण नाही, पाकीट घेतलं असेल तरी मला त्यांचा राग नाही, महिन्याचं भाडं निघतं त्यातनं. पण मतदान करून बाहेर पडताना त्या माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "माजं नाव हाय न्हवं वहीत?"

मध्यंतरी न्यूयॉर्कच्या महापौराची बातमी आपल्याकडे फार फिरली, झोहरान ममदानी. आपल्याकडे चर्चा सगळी त्याच्या व्हिडिओंची आणि भाषणांची. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे तिथं छोट्या देणगीदारांच्या पैशावर शहराच्या तिजोरीतून आठपट रक्कम उमेदवाराला मिळते, म्हणजे त्या मावशींच्या वीस रुपयांचे १८० झाले असते. २०२५ च्या वसंतात त्यानं मर्यादा गाठल्यावर लोकांना चक्क सांगितलं की आता पैसे नका पाठवू, दारोदार फिरायला या. आणि आली लोकं, हजारोंनी आली, त्यात आपल्या दक्षिण आशियाई वस्त्यांमधली पण खूप. दुसरी गोष्ट, २०२१ मध्ये कर्जात बुडालेल्या टॅक्सीवाल्यांनी तिथं १५ दिवसांचं उपोषण केलं, त्यात भैरवी देसाईंच्या युनियनबरोबर हा पण उपाशी बसला होता. निवडणूक २०२५ ची, उपोषण २०२१ चं. मधली चार वर्षं मोजा. आपल्याकडे आठपट पैसे देणारी सोय नाही, पण चार वर्षं आधी जाऊन बसायला आपल्याला कुणी अडवलंय?

आमचा उमेदवार पडला. चांगल्याच मोठ्या फरकानं पडला. निकालाच्या दिवशी, २३ तारखेला, मी त्या १२० बूथचे कागद आणि निकालाचे आकडे घेऊन दुकानात रात्री बसले होते. जिथं आमचा एजंट होता आणि ज्या गावात गेल्या दोन-तीन वर्षांत रेशनकार्डाचं, पाण्याचं, कुठलं तरी एक काम आम्ही लावून धरलं होतं, तिथं आम्हाला मतं आहेत, काही ठिकाणी तर आम्ही एक नंबरला आहोत. जिथं फक्त पत्रक पोचलं तिथं बोटावर मोजण्याइतकी. नुसता एजंट बसल्यानं मतं पडत नाहीत हे मला कळतं. ज्या गावात आपलं काम असतं तिथंच एजंट मिळतो, एवढं साधं आहे ते.

म्हणून ज्यांनी सह्या केल्या त्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, तुमच्या सहीची किंमत आम्हाला आहे, पण पुढच्या वेळी सहीबरोबर तारखा पण द्या. महिन्यातला कुठला रविवार तुम्ही कुठल्या गावाला देणार. वकील असाल तर वस्तीत येऊन कागद बघा. डॉक्टर असाल तर या. काहीच येत नसेल तर यादी मोठ्यानं वाचून दाखवा, दुसरं कुणीतरी खुणा करेल, ते पण काम आहे. आणि उमेदवाराला पाठिंबा देताना त्याच्याकडून लिहून घ्या की निवडून येवो न येवो, दर तीन महिन्यांनी तो लोकांसमोर बसेल. आमच्या उमेदवारानं हे कबूल केलंय. पडल्यानंतर तो दोनदा बसला, तिसऱ्या वेळी आला नाही, तेव्हा मी आणि अजून चौघी त्याच्या घरी गेलो आणि स्पष्ट बोललो. वाईट वाटलं त्याला. पुढच्या रविवारी आला.

ती जाड वही माझ्या दुकानात काउंटरखाली आहे. त्यातली सगळी नावं मी आता गावाप्रमाणे वेगळी काढतेय, ४१२ नावं आहेत, प्रत्येकाच्या घरी एकदा जायचं ठरवलंय, आत्तापर्यंत ६८ घरं झाली. मावशींकडे सगळ्यात आधी गेले होते. त्यांच्या गल्लीत पाणी दोन दिवसांआड येतं, तेवढ्यासाठी अर्ज लिहून दिलाय, सोमवारी आम्ही दहा-बारा जणी तो घेऊन जातोय. आणि रविवारी सकाळी दहाला माझ्या दुकानात मतदारयादी वाचायला बसतोय, खुर्च्या कमी आहेत, येणाऱ्यांनी सतरंजी आणली तर बरं होईल.