अंगावर घेतल्याशिवाय

"मला चारचौघांत बोलता येत नाही." "पहाटे उठणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." "हिशेब म्हटला की माझं डोकंच चालत नाही." अशी वाक्यं आपण रक्तगट सांगावा तितक्या खात्रीने सांगतो. समोरचाही मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. यावर बरेच दिवस लिहायचं होतं, कारण माझं मत आता पक्कं झालंय. यातल्या बऱ्याचशा गोष्टी निश्चय करून बदलत नाहीत, प्रेरणादायी व्हिडिओ बघून तर नाहीच नाही. आपण कुणाला तरी बांधील झालो की त्या बदलतात. आपण नाही केलं तर दुसऱ्या कुणाचं तरी खरोखर अडेल, हे डोळ्यांना दिसायला लागलं की हात-पाय आपोआप हलतात.

मी पुण्यात कर्वेनगरात राहते, म्हणजे जुन्या हिंगण्यात. १९०० साली इथल्या माळावर विधवांच्या आश्रमासाठी एक झोपडी उभी राहिली. धोंडो केशव कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. कॉलेज आटोपलं की लागणारं सामानसुमान घेऊन ते चालत हिंगण्याला यायचे. आपण ही गोष्ट मुलांना अण्णा कर्व्यांच्या मनोनिग्रहाची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. हिंगण्याला माणसं वाट बघत होती. आज कंटाळा आला, उद्या जाऊ, असं म्हणायची सोयच त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती. ती सोय काढून टाकणं हाच मोठा निर्णय होता, आणि तो एकदाच घ्यावा लागला. पुढचं रोजचं चालणं त्यातून आलं.

फर्ग्युसनही अशाच बांधिलकीवर उभं राहिलं. ते चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं, महिना ७५ रुपयांवर काम करायचं कबूल करत. गोपाळ कृष्ण गोखले विशीत असताना या संस्थेत आले. इंग्रजी, गणित, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र, कॉलेजला ज्या विषयाला माणूस हवा तो विषय ते शिकवत. त्यांना 'प्रोफेसर टु ऑर्डर' म्हणत, ते यामुळेच. "हा माझा विषय नाही" असं म्हणायला जागा होती कुठे? वर्गात मुलं येऊन बसलेली असायची. याच गोखल्यांनी १९०२ साली केंद्रीय विधिमंडळात अंदाजपत्रकावर केलेल्या भाषणाने सरकारी आकडेवारीची चिरफाड केली. त्या भाषणामागे फर्ग्युसनच्या वर्गांसाठी केलेली वर्षानुवर्षांची तयारी होती, असं मला मनापासून वाटतं.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाईंची ही धाकटी बहीण, मूळ देवरुखची. विशीत वैधव्य आलं, पदरी मुलगा, आणि लिहिता-वाचताही येत नव्हतं. बहिणीच्या आधाराने पुण्याला आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या. आश्रमाला पैसा हवा होता, म्हणून गावोगाव फिरून वर्गणी मागू लागल्या, सभांमधून बोलू लागल्या. त्या काळात विधवा बाईने परक्या गावात उभं राहून पुरुषांसमोर बोलायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. पाठीशी आश्रमातल्या मुली होत्या आणि त्यांच्या जेवणाची भ्रांत होती. पुढे १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे पोटासाठी घरकामं केली. १९२० मध्ये परतल्या.

इंग्रजी शिकायला थेट अमेरिका गाठणं हे वेडं साहस वाटेल. मला त्यात फार मोठं शहाणपण दिसतं. पुण्यात राहून इंग्रजी शिकायचं तर रोज स्वतःलाच ढकलावं लागलं असतं, कारण इंग्रजीवाचून इथे त्यांचं काहीच अडत नव्हतं. तिथे मालकिणीने सांगितलेलं काम कळलं नाही, तर त्या दिवसाची भाकरी धोक्यात. त्यांनी स्वतःला अशा ठिकाणी नेऊन ठेवलं, जिथे न शिकणं परवडणारच नव्हतं. अडचण कुणी त्यांच्यावर लादली नव्हती, ती त्यांनी निवडून घेतली होती. माझं सगळं म्हणणं या फरकाशी येऊन थांबतं, म्हणून त्याकडे पुन्हा वळणार आहे.

आधी माझं स्वतःचं सांगते. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की माझे तळहात घामेजतात. लहानपणापासून. कसलीही चौकशी असो, तक्रार असो, घरातलं दुसरं कुणीतरी फोन करायचं. आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं आणि पाण्याचं दुखणं जुनं होतं. वरच्या मजल्यांवर बहुतेक एकटी राहणारी वयस्कर माणसं, मुलं कुणाची बंगळुरात तर कुणाची परदेशात. टँकर वेळेवर आला नाही तर त्यांनी बादल्या कुठून भरायच्या? सभेत सगळे एकमेकांकडे बघत होते तेव्हा मी नाव दिलं. फोन करावे लागणार हे मला ठाऊक होतं. बरंचसं त्यासाठीच दिलं.

सुरुवातीला कागदावर वाक्यं लिहून घ्यायचे आणि मग नंबर लावायचे. टँकरवाला, प्लंबर, पंपाचा मेकॅनिक, मग पाणीपुरवठ्याचं कार्यालय. तिथे अर्जावर पोच घ्यायची असते, आवक क्रमांक टिपून ठेवायचा असतो, आणि तो नंबर हातात असला की पुढच्या वेळी बोलायला धीर येतो, हे सगळं करता करताच कळलं. एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकाने सांगितली नव्हती. स्वतःसाठी मागताना माझा आवाज खाली जातो. मी जास्त मागत नाही ना, समोरचा काय म्हणेल, हे सगळं घशाशी येतं. पण पाचव्या मजल्यावरच्या आजींच्या पाण्यासाठी मागताना लाजायला सवडच नसते. तिथे मी मधे नसतेच, फक्त त्यांचा निरोप पोचवत असते. पार्वतीबाई वर्गणी मागायला उभ्या राहत तेव्हा त्यांनाही असंच वाटत असेल का, हा विचार माझ्या मनात खूपदा येतो.

तळहात अजूनही घामेजतात. फोन मात्र केला जातो. भीती आधी जाईल आणि मग काम जमेल, असं माझ्या बाबतीत झालं नाही. काम पुढे निघून गेलं, भीती मागून येत राहिली, आणि तिच्यासाठी काही अडून राहिलं नाही.

माझ्या भाच्याचंही सांगायलाच हवं. अकरावीतला मुलगा, सकाळी उठवताना माझी बहीण रडकुंडीला यायची. बारावीच्या एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून त्याने नाव दिलं. बोर्डाचा पेपर अकराला सुरू होतो, त्याआधी अर्धा तास केंद्रावर हजर असावं लागतं. हा एकाही पेपरला उशिरा गेला नाही, आणि कुणी उठवावंही लागलं नाही. लेखनिक पोचला नाही तर दुसऱ्याचं वर्ष जाईल, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. पण मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडायची त्याला खोड होती. लेखनिकाला आपलं डोकं चालवता येत नाही, सांगितलेलं जसंच्या तसं उतरवायचं असतं. उत्तर देणारा मधे थांबला तर थांबायचं, त्याने खोडायला सांगितलं तर खोडायचं. "मावशी, मला तिथे ऐकायला लागलं गं," असं तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं जे सांगितलं, ते त्या परीक्षेच्या खोलीत झालं.

जिमची वर्षाची फी भरून लोक फेब्रुवारीत जायचे का थांबतात, याचं उत्तरही मला इथेच सापडतं. आपण गेलो नाही तर जिमचं काहीच बिघडत नाही. पैसे आपले बुडतात, आणि स्वतःला माफ करायला आपण फार पटकन तयार होतो. याउलट भिशी बघा. ज्या बाईकडे महिनाअखेरीला एरवी शंभराची नोट उरत नाही, ती भिशीचा हप्ता एक महिनाही चुकवत नाही, कारण या महिन्यात ज्या मैत्रिणीचा नंबर लागलाय तिच्या घरी कुणाची तरी फी भरायची असते. आपल्या आया-आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात डोकावून बघा. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चालू आहे. एरवी तासाला न येणारी मुलं रात्री उशिरापर्यंत तालमीला थांबतात. स्टेजवर तोंड न उघडणारी मुलगी प्रकाशयोजना शिकते, कारण ती करणारा सीनियर पास होऊन गेलेला असतो. भरत नाट्य मंदिरातली तारीख ठरलेली असते आणि ती पुढे ढकलता येत नाही.

आता त्या फरकाकडे येते. "माणसाला अडचणीत टाका म्हणजे तो शिकतो" असं कुणी माझ्या लिहिण्यातून काढेल, तर मला ते अजिबात मान्य नाही. आपल्याकडे बायकांवर जबाबदाऱ्या कमी आहेत का? नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, हे सगळं त्या निभावतात आणि निभावताना झिजतात. ती बांधिलकी त्यांनी घेतलेली नसते, त्यांच्यावर येऊन पडलेली असते. तिला मुदत नसते, आणि ती सोडून देता येत नाही. त्यातून ताकद येते हे खरं, पण तिची किंमत दुसरं कुणी नाही, त्याच मोजतात. अशा बाईला "अजून एक काहीतरी अंगावर घे" असं मी कधीच म्हणणार नाही. आधी तिच्या अंगावरचं काहीतरी दुसऱ्याने घ्यावं, आणि तो दुसरा बहुतेक वेळा घरातच असतो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली, स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं बघितली की पोटात कालवतं. गावाकडे वडिलांनी कर्ज काढलेलं, सगळ्या गावाला पोरगा 'साहेब' होणार हे माहीत झालेलं. बांधिलकी आहे, गरजही आहे, मग मी म्हणते तसं सगळं जमायला हवं. पण जागा थोड्या आणि बसणारे कितीतरी. त्या मुलाने जीव तोडून अभ्यास केला तरी निकाल त्याच्या हातात नाही. कबूल केलेलं पाळणं स्वतःच्या हातात नसेल तर ती बांधिलकी माणसाला वर काढत नाही, घरी परतायची वाटसुद्धा बंद करते. या मुलांना "आणखी दडपण घ्या" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांना कुणीतरी एक तारीख ठरवायला मदत करायला हवी, जिच्यानंतर दुसरं काही करणं ही हार मानली जाणार नाही.

म्हणून मी लोकांना विचारते, तेव्हा असं विचारते: तुम्हाला न जमणाऱ्या गोष्टीची कुणाला गरज आहे? ते काम छोटं आहे का? त्याला शेवट आहे का? अडलात तर विचारायला कुणी आहे का? ही उत्तरं बरी आली तर नाव देऊन मोकळं व्हा. तयारी नंतर होते. वाचायचा कंटाळा असेल तर कुणाला तरी रोज वाचून दाखवायचं कबूल करा. व्यायाम होत नसेल तर शेजारच्या आजोबांना टेकडीवर फिरवून आणायचं मनावर घ्या. ते सकाळी बूट घालून खाली येऊन बसतील, मग तुम्हाला जावंच लागेल.

आमच्या कमिटीची मुदत संपत आलीय. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी हिशेब तपासून व्हायला हवेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जन्मभर म्हणत आल्या की आकडे बघितले की त्यांना गरगरतं, घरातला सगळा व्यवहार काकाच बघायचे. काका गेले आणि आता बँकेचं पासबुक त्या दुसऱ्याकडून वाचून घेतात. खजिनदार व्हा म्हणून मी त्यांच्या मागे लागले आहे. परवा त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर: पहिले काही महिने व्हाउचर लिहिताना मी शेजारी बसायचं, आणि पेन मात्र त्यांच्या हातात राहील. मी लगेच हो म्हटलं. खतावणीची वही कालच त्यांच्याकडे पोचवली.