ती प्रार्थना संत फ्रान्सिसची नव्हे
‘हे प्रभू, मला तुझ्या शांतीचे साधन बनव’ ही प्रार्थना इटलीतल्या असिसी गावचे ख्रिस्ती संत फ्रान्सिस यांनी लिहिली, असा मजकूर त्यांच्या चित्रासकट फिरतोय. तसं नाही. फ्रान्सिस वारले १२२६ मध्ये. ही प्रार्थना छापलेली सापडते ती थेट १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या फ्रेंच धार्मिक मासिकात, तीही निनावी. पुढे कुणीतरी फ्रान्सिस यांच्या चित्रामागे ती छापली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रार्थना छानच आहे, खुशाल म्हणा. पण फ्रान्सिस यांचे स्वतःचे शब्द हवे असतील, तर त्यांचं मृत्युपत्र वाचा. कुष्ठरोग्यांना नुसतं पाहणंही आधी फार कडू वाटायचं. त्यांच्यात राहून सेवा केली आणि तेच गोड झालं, असं ते त्यात सांगतात.