'संपाच्या वेळी पेट्रोल २०० रुपये करायला हवं होतं' म्हणणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२४ मधल्या ट्रक-टँकर ड्रायव्हरांच्या संपाचा दाखला देऊन एक म्हणणं सगळीकडे फिरतंय, की तेव्हा दोन दिवस पेट्रोल २०० रुपये लिटर केलं असतं तर रांगा लागल्याच नसत्या, जास्त भाव बघून माल आपोआप आला असता, ज्याला खरी गरज त्यालाच मिळाला असता, आणि हे ज्याला पटत नाही त्याला इकॉनॉमिक्स कळत नाही.

आधी माल येण्याचं बघू. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथे पेट्रोल होतं, पण टँकर जागेवर उभे, कारण भारतीय न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या कलमात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ड्रायव्हर त्याला घाबरले होते. पंपावर भाव दुप्पट झाला म्हणून त्या ड्रायव्हरची जेलची भीती कशी जाणार? संप मिटला तो २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव वाहतूकदारांशी बोलले आणि चर्चेशिवाय हे कलम लागू करणार नाही असं सांगितलं तेव्हा.

अमेरिकेचं उदाहरण देणाऱ्यांनी २०१२ चं सँडी वादळ आठवावं. न्यू जर्सीत कित्येक पंपांच्या टाकीत पेट्रोल होतं पण लाईटच नव्हती, मग ते वर कसं ओढणार? तिथे इमर्जन्सीत १० टक्क्यांच्या वर भाव वाढवायला कायद्यानेच बंदी आहे, आणि गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी १२ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखेला पेट्रोल द्यायचं ठरवलं.

'खऱ्या गरजेवाल्याला मिळतं' हे तर मला अजिबात मान्य नाही. २०० रुपये कोण देतं? ज्याच्या खिशात आहेत तो. कांदा भरून लासलगावला निघालेला पिकअपवाला मागे सरतो आणि घरी दोन गाड्या असलेला माणूस दोन्हींची टाकी फुल करून जातो, यात गरज कुठे मोजली गेली?

साठेबाजीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, महाग झालं की उगाच टाकी फुल करणारे कमी होतात. पण तेच काम लिटरची मर्यादा करते, चंदीगडने तेव्हा दुचाकीला २ आणि चारचाकीला ५ लिटर असं लगेच ठरवलंच की. उलट आज रात्रीपासून भाव दुप्पट होणार अशी बातमी पसरली तर संध्याकाळी पंपावर काय होईल विचार करा.

टंचाई महिनोन्‌महिने चालली, कच्चं तेलच भडकलं, तर भाव कायम दाबून ठेवता येत नाही हे मीही मानतो. २०२२ मध्ये सरकारी कंपन्यांनी दर धरून ठेवले तेव्हा तोटा नको म्हणून खासगी पंपांनी विक्री आखडती घेतलीच होती. पण तिथे मालच महाग पडत होता. पानेवाडीत त्याच भावाचा माल डेपोत पडून होता, आणणारा माणूस तेवढा नव्हता.