इंजिनाची आंघोळ

२३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागपूरच्या रस्त्यांवर बचावाच्या बोटी फिरल्या. तेव्हा मला वाटलं, आपलीही एक असावी. बोट काही झाली नाही, पण मालवणच्या मेहुण्याने त्याचं जुनं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं, ट्रकने धाडलं. नाव मित्राची, गावाबाहेरच्या तलावात खुंटाला बांधलेली. इंजिन माझं, म्हणजे डोकेदुखी माझी.

"भावोजी, आधी गोड्या पाण्यान धुवा," मेहुण्याचा फोन. हे इंजिन ज्या पाण्यात चालतं तेच आत ओढून स्वतःला थंड ठेवतं. समुद्राचं पाणी आत वाळलं की मीठ बारीक वाटांत बसतं, धातू खातं. म्हणून इंजिन वर तिरपं करायचं, बाजूच्या तोंडाला पाईप जोडायचा आणि ते बंद ठेवूनच दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. कोरडं चालवलंत तर पंपातलं रबरी चाक बघता बघता जळेल, अशी तंबीही मिळाली.

पाईप! मे महिन्यात नागपुरात पाईप एकच असतो, कूलर भरायचा. तो मी बायको झोपलेली असताना सोडवला. (कूलर आणि पाईप यांची ताटातूट हा आमच्याकडे घटस्फोटाच्या अलीकडचा गुन्हा आहे.)

जवळचा नळ चहाच्या टपरीचा. पाईप चिखलातून फरफटत नावेपर्यंत पोचला, पण तोंडाला बसेना. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. ऊन डोक्यावर. काठावर पंधरा जण.

"काय करून राह्यले भाऊ?"

"इंजिन धुतोय."

"पाण्यात उभं राहून?"

टपरीवाला नळ सोडून आला. "तलावाचं पाणी गोडंच हाय ना? मंग सोडा ना खाली, चालवा पाच मिनिटं. आपोआप धुतल्या जाईल."

मी मेहुण्याला फोन लावला. तिकडे बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज. मग, "ह्या बरोबर आसा."

इंजिन खाली सोडलं, दोरी ओढली. नवव्या झटक्याला सुरू झालं. मागच्या भोकातून थंडाव्याच्या पाण्याची धार आली, काठावर टाळ्या पडल्या, आणि धार थांबली. पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णी! घाईघाईने बंद केलं, वर उचललं, मुळं उपटून काढली आणि पुन्हा तो पाईप. या वेळी मात्र नळाला पाणी नव्हतं.

"सकाळीच येते," टपरीवाला म्हणाला.

शेवटी थंड पाण्याचे दोन कॅन विकत घेतले आणि कॅन खांद्यावर धरून पाईपने उतरवले. चाळीस लिटर पिण्याचं पाणी त्या इंजिनाने घटाघटा रिचवलं. मी स्वतः मात्र दुपारभर चहावर होतो.

संध्याकाळी पाईप गुपचूप जागेवर लावला. कूलर भरला, पंखा सुरू झाला. बायकोने नाक वर करून खोल श्वास घेतला. तळ्याचा गाळ, शेवाळ आणि किंचित मासळी.

"अहो," ती म्हणाली, "माहेरची आठवण आली बघा."

मी कूस बदलली.