मी मझार शे का बाहेर?

गेल्या आठवड्यात माझ्या बिलातून ५०० रुपये कापले गेले. कारण शेठने तोंडावर सांगितलं, "बटणं नऊ ठरली होती, भरली आठ."

काम साधं होतं. जळगाव-धुळे रस्त्यावरचं एक कृषी सेवा केंद्र. खरिपाला बियाणं-खत उधार द्यायचं, कापूस विकला की वसूल करायचं. प्रत्येक शेतकऱ्याला आपली उधारी स्वतः बघता यावी म्हणून मी वेबसाइट करून द्यायची. वरच्या पट्टीत मुख्यपान, बियाणं, खतं, औषधं, ठिबक, सुटे भाग, भाव, संपर्क अशी आठ बटणं आणि उजव्या कोपऱ्यात नववं, 'लॉगिन'. गिऱ्हाईक आत शिरलं की नववं जातं आणि तिथे त्याचं नाव येतं, शेजारी खाली तोंड केलेला बारीक बाण. बाण दाबला की 'माझी उधारी', 'पावत्या', 'बाहेर पडा'. आमच्या धंद्यात इतकं ठरून गेलेलं दुसरं काही नसेल.

"पण शेठ, नववं बटण म्हणजे ते नावच ना," मी म्हणालो.

"नाव आप्पांचं आहे. ते तुम्ही कुठे केलं?"

यावर उत्तर असेल तर कळवा.

आप्पा म्हणजे पारोळ्याकडचे एक म्हातारबा, बोलणं अहिराणी, त्यात 'मझार' म्हणजे आत. ठिबकच्या लॅटरलला लावायच्या दहा एंड कॅप घ्यायला आले होते आणि चहा यायचा होता म्हणून थांबले होते. शेठला वाटलं, बसलेच आहेत तर यांच्यावरच प्रयोग करू. आप्पांचा नंबर टाकला, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. 'हा आकडा कोणालाही सांगू नका' हे वाक्य त्यांनी आधी खणखणीत वाचलं आणि मग तो आकडा अख्ख्या दुकानाला सांगितला. युरियाच्या पोत्यावर बसलेल्या एकाने तो परत म्हणून खात्री करून घेतली. मी टाकला. पान बदललं.

आप्पांनी चष्मा नाकावर खाली घेतला, काउंटरवरच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि घडाच्या फण्या मोजाव्यात तशी बटणं मोजली. आठ. परत मोजली. आठ.

"भाऊ, येक बटन कोठे गयं?"

"तुम्ही आत आलात ना आप्पा, म्हणून गेलं."

"मी मझार शे?"

"हो."

"मंग पयले बाहेर व्हतू?"

"हो."

"मी ते आठेच खुर्चीवर बठेल शे."

शेठ हसला. पोत्यावरचा हसला. इथे मीही हसून गप्प बसायला हवं होतं, पण समजावून सांगायची खोड जात नाही. म्हटलं, आप्पा, 'लॉगिन' म्हणजे दार. आत आल्यावर दाराचं काय काम?

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं बालपण कुठे गेलं याची त्यांना काळजी वाटली असावी. "घर मझार उनू म्हनीसन दार काढी टाकतस का? बाहेर कसं जावो?"

"बाहेर जायचं या बाणाखाली आहे. नाव दाबा."

"बाहेर जावानं दार मन्हा नाव मांगे दपाडेल शे?"

आता खरं सांगतो. हा माणूस आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि पाचशे रुपयांपेक्षा जास्त राग याचा आहे की या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. नावाखाली 'बाहेर पडा' लपवणं चालतं, पण ज्याच्या फोनला दुसरा कोणी हात लावत नाही अशा माणसासाठी. आपल्याकडे एक फोन बाप वापरतो, पोरगा वापरतो, आणि कांद्याचा भाव बघायला शेजारीही वापरतो. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रातल्या संगणकावर तर सकाळपासून चाळीस जणांची खाती उघडून झालेली असतात. तिथे बाहेर पडायचं बटण उघड्यावर हवं, आणि नाव तर त्याहून उघड्यावर. नाहीतर एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचा अर्ज भरला जातो आणि कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

बटण मात्र जायलाच हवं होतं, यावर मी ठाम आहे. आत आल्यावरही 'लॉगिन' तसंच ठेवलं तर माणसाला वाटतं की आपलं काही जमलं नाही. तो परत दाबतो, परत ओटीपी मागवतो. एकेका एसएमएसचे पैसे शेठच्या खिशातून जातात. हे मी शेठला सांगितलं, तर त्याने विचारलं, "मग ओटीपीचं बटण वेगळं मोजलं का?"

काही हुशार लोक या कोपऱ्यात शब्दच ठेवत नाहीत. एक गोल, त्यात डोकं आणि खांदे. लॉगिन झालेलं नसेल तरी तोच, झालं असेल तरी तोच. फार तर रंग बदलतो, राखाडीचा निळा. ज्याला रंगांतला फरक कळत नाही त्याला यातून काय कळणार? आणि ज्याला कळतो तो मे महिन्यात दुपारी बांधावर उभा असेल तर पडद्यावर त्याला स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा असा सुगम्यतेचा, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचा, नियम आहे. हा नियम करणाऱ्यांनी जळगावचं पंचेचाळीस अंशांचं ऊन खाल्लेलं नसावं. मी आधी आप्पांना तसलंच चिन्ह दाखवलं होतं. ते म्हणाले, "हाऊ कोन? याले तोंड नही." चिन्ह त्याच दिवशी काढलं.

मग वाटलं, गोलात नावाचं पहिलं अक्षर टाकू. इथे इंग्रजीवर पोसलेल्या तयार कोडने आपलं वाटोळं केलेलं आहे. ते नावातला पहिला 'कॅरेक्टर' उचलतं. देवनागरीत अक्षर आणि वेलांटी हे संगणकाच्या हिशेबात वेगवेगळे तुकडे असतात, त्यामुळे किरणचा 'क', कुणालचा 'क' आणि क्षितिजाचाही 'क'. श्रीकांतचा नुसता 'श'. घरातल्या चौघांचे चार 'क' आणि फोन एक! अख्खं अक्षर हवं तर ग्राफीम, म्हणजे डोळ्याला दिसणारं पूर्ण अक्षर, मोजणारं फंक्शन वापरावं लागतं. लांब नाव कापायचं तर कॅरेक्टर मोजून कापू नये, ते काम पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसवर सोडावं, नाहीतर नावाच्या शेवटी पाय मोडलेलं अक्षर लोंबकळत राहतं. ओळीची उंचीही १ ठेवली आणि बाहेर सांडलेलं झाकलं की वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात. १.५ ठेवा. पट्टी थोडी जाड दिसते, दिसू द्या.

मोबाइलवर आणखी एक पाप चालतं. आठ बटणं त्या तीन रेघांच्या मेनूत कोंबायची म्हणून नववंही त्यातच कोंबतात. आपण आत आहोत की बाहेर हे बघायला पेटी उघडावी लागली तर सांगितलं काय? नाव किंवा 'लॉगिन', जे असेल ते, रेघांच्या बाहेर ठेवायचं. आणि दाबायची जागा चांगली ४४ ते ४८ पिक्सेलची असू द्यावी. नियमातली सगळ्यात कमी मर्यादा २४ ची आहे, पण कपाशी वेचून आलेल्या बोटाला २४ म्हणजे मस्करी.

हे सगळं दिसण्यापुरतं झालं. त्याच्या खाली मूळ दुखणं असं की सर्व्हरला, म्हणजे साइट ज्यावर राहते त्या संगणकाला, आठवण नसते. प्रत्येक पान मागताना ब्राउझर नव्याने दार वाजवतो. आतून विचारतात, कोण? आपल्याकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: "मी!" घरचे आवाज ओळखतात, सर्व्हरला तो ओळखता येत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी काढली. बाजार समितीच्या फाटकावर मिळते तसली चिठ्ठी समजा, पुढे प्रत्येक काट्यावर तीच दाखवायची. चिठ्ठी नसली तर सर्व्हर ४०१ हा आकडा परत देतो. त्याचं नाव 'अनऑथराइज्ड', म्हणजे अधिकार नाही. अर्थ मात्र 'तू कोण ते कळलं नाही'. अधिकार खरोखर नसेल तर ४०३. नाव ठेवणाऱ्यानेच असा घोळ घातल्यावर आप्पांनी घातला तर काय बिघडलं?

खरी भीती कॅशची, म्हणजे साठवून ठेवलेल्या पानांची. साइट जलद व्हावी म्हणून एकदा बनलेलं पान साठवून पुढच्या माणसाला तेच वाढतात. त्या पानावर नाव छापलेलं असेल तर पुढच्याला मागच्याचं नाव दिसतं. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर हेच झालं. सुमारे ३४,००० लोकांची खाजगी माहिती असलेली पानं इतरांना दिसली असावीत असं कंपनीनेच सांगितलं. तिथे निदान गेम होते. इथे उधारी आहे! कोणाकडे शेठचे किती थकलेत हे शेजारच्या बांधाला कळलं तर पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगती वेगळ्या बसतील.

म्हणून उधारीचं पान कुठेच साठवायचं नाही, त्याला 'नो-स्टोअर'ची ताकीद द्यायची. एरवी बाहेर पडून मागचा बाण दाबला की पान तसंच्या तसं परत येतं. बियाण्या-खतांची पानं सगळ्यांना सारखी, ती खुशाल साठवा, फक्त उजवा कोपरा वेगळा मागवा. तो येईपर्यंत तिथे 'लॉगिन' दाखवायचं नाही, रिकामी जागा ठेवायची. नाहीतर आत असलेल्या माणसाला क्षणभर 'लॉगिन' दिसतं, तो बोट नेतो आणि बोट टेकेपर्यंत तिथे त्याचं नाव आलेलं असतं. जागेची रुंदीही आधीच धरून ठेवायची, म्हणजे पट्टी उड्या मारत नाही.

वर नाव आहे आणि आत चिठ्ठीची मुदत संपलेली, हा प्रकार तर सगळ्यात हलकट. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत न बदलता ठेवलेली मुदत १४४० सेकंदांची असते, म्हणजे २४ मिनिटं. तेवढा वेळ हालचाल झाली नाही की सत्र, म्हणजे लॉगिनची सर्व्हरकडची नोंद, कचऱ्यात जायला पात्र होतं. शेतकरी अर्ज भरतोय, लाइट गेली, राउटर बंद, लाइट आली, 'पाठवा' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत, आणि परत लॉगिन झाल्यावर माणूस होता त्याच पानावर जावा, मुख्यपानावर नको. एका टॅबमध्ये बाहेर पडलं तर दुसऱ्या टॅबमधलं नावही पुसलं गेलं पाहिजे. यातलं एकही काम बटण म्हणून दिसत नाही, त्यामुळे बिलात त्याची ओळ नव्हती. असती तर तीही कापली गेली असती.

शब्दावरून अर्धा दिवस वेगळा गेला. मी आधी 'निघा' लिहिलं होतं. शेठ म्हणाला, गिऱ्हाइकाला हाकलताय काय? 'निर्गमन' लिहिलं तर एसटी स्टँडवर आल्यासारखं वाटलं. 'बाहेर पडा'वर तडजोड झाली. आप्पांना तेही पटलं नाही. माणूस घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्यांच्या अहिराणीत 'येस'. बटणावर 'येस' लिहा म्हणाले. मी सांगितलं की त्यानंतर 'नक्की बाहेर पडायचं?' असा प्रश्न येतो आणि त्याखाली येस-नो असतं.

"मंग तं झाकच शे," आप्पा म्हणाले. "दोन डाव येस."

चहा आला, संपला. आप्पांनी एंड कॅपची पुडी खिशात घातली, पडद्यावर वाकले आणि कोणी न सांगता आपल्या नावावर बोट दाबलं. यादी उघडली. 'बाहेर पडा' दाबलं. साधा दुवा केला असता तर पुढची पानं आधीच आणून ठेवणाऱ्या एखाद्या ब्राउझरने त्यांना केव्हाच बाहेर काढलं असतं. हे 'पोस्ट'चं, म्हणजे दाबल्याशिवाय काही न पाठवणारं, बटण आहे, म्हणून बोटाची वाट बघत होतं. नाव गेलं आणि लाल 'लॉगिन' परत आलं.

आप्पांनी मोजलं. "नऊ! शेठ, देखा, नऊ भरनात!"

मी शेठकडे बघितलं. शेठने पडद्याकडे बघितलं, मग बिलाकडे, आणि पेनाला टोपण लावलं.

"आप्पा बाहेर गेले म्हणून नऊ. आप्पा आत असताना आठच आहेत ना? आणि मला गिऱ्हाईक आत पाहिजे."